शाळेच्या छपराचा हिशोब

(खेडेगांवच्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें तेथील एका शिक्षकानें केलेलें भाषण)



सभेची गर्दी पाहून आनंद झाला, असें म्हणून बोलावयास सुरुवात करण्याची चाल आहे. आम्हांस आज आनंदापेक्षां लाज अधिक वाटते. ज्या कामाविषयीं बोलावयाचें त्याच्या कागदावर सरपंचांची सही आहे, ग्रामसेवकांची आहे (त्यांच्या हुद्द्यास आतां नवें नांव मिळालें आहे, पण गांव जुन्याच नांवानें हांक मारतें), इंजिनियरसाहेबांची आहे, आणि सर्वांच्या खालीं आमची आहे. "शाळेच्या खोलीची दुरुस्ती पूर्ण झाली असून काम समाधानकारक आहे," असा दाखला आम्हीं जून महिन्यांत शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं लिहून दिला. अक्षर वळणदार आहे. मजकूर खोटा आहे.

तो खोटा आहे हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें, एवढेंच आमच्या बाजूनें सांगतां येईल. पण ठाऊक करून घेणें हेंच आमचें काम होतें. साहेब मोटारीजवळ उभे होते. ठेकेदाराच्या माणसानें कागद पुढें केला आणि म्हणाला, "मास्तर, तेवढी सही करून टाका, म्हणजे बिल पुढं सरकंल." आम्हीं खिशांतून पेन काढलें. खोलीचें कुलूप काढून आंत डोकावण्याइतकीही तसदी घेतली नाहीं. पोरांच्या वह्यांतील काना-मात्रा तपासणारे आम्ही!

ही खोली तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. येथें बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनीं तिच्यांतच मुळाक्षरें गिरविलीं. दगडाची, मातींत बांधलेली जाडजूड भिंत. तीवर चुन्याचा गिलावा. वर सागवानी तुळया आणि मंगलोरी कौलें. उन्हाळ्याच्या अखेरीस गांवांतील कोणी तरी वर चढून फुटकीं कौलें बदलीत असे. मग तें बंद पडलें. "ती सरकारची शाळा आहे, सरकार पाहील," असें जो तो म्हणूं लागला. आणि सरकारला कौलांवर चढतां येत नाहीं.

हें 'सरकारची शाळा' प्रकरण जरा उलगडून पाहूं. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांतल्या शेतकऱ्यावर साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागें एक आण्याची पट्टी बसली. तिला लोकल फंड म्हणत, आणि १८६९ सालीं तिचा कायदा झाला. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जावयाचा, बाकीचा सडका व इतर कामांकडे. म्हणजे खेड्यांतील शाळा उभ्या राहिल्या त्या कोणाच्या दानावर नव्हे, नांगरधाऱ्याच्या आण्यावर. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुल्यांनीं हेंच दुखणें मांडलें होतें कीं, पैसा रयतेच्या घामांतून जमतो आणि विद्या मात्र वरच्या वर्गाच्या पदरांत पडते. आज तो आणा गेला, पण पट्टी गेली नाहीं. घरपट्टी आपण देतों, पाणीपट्टी देतों. ज्याला घर नाहीं आणि शेत नाहीं तोही साबणाची वडी घेतांना १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर देतो. तेव्हां खोली आपली, तिच्या दुरुस्तीचा पैसाही आपला. फक्त तो तालुक्याला आणि जिल्ह्याला फिरून परत येतो, आणि इतका प्रवास करून आल्यावर आपण त्याला ओळखत नाहीं.

आतां काम कसें झालें तें ऐका. कागदावरचा ठेकेदार एक. त्यानें तें काम दुसऱ्यास दिलें. दुसऱ्यानें मजुरीवर तिसऱ्यास लावलें. जागेवर फलक नाहीं. काम किती रकमेचें, काय काय करावयाचें, किती मुदतींत, कोणाला ठाऊक नाहीं, कारण कोणी विचारलें नाहीं. वैशाखाच्या उन्हांत चार दिवसांत आंतल्या भिंतींचा जुना चुना खरडून सिमेंटचा गिलावा झाला. आपल्याच गांवचे गवंडी रोजंदारीवर होते. ते म्हणाले, "ह्याला निदान सात दिवस पाणी मारलं पायजे." ठेकेदाराच्या माणसानें उत्तर दिलें, "पावसाळा येतोयच की, तो मारंल." गवंडी गप्प बसले. संध्याकाळीं मजुरी घेऊन घरीं गेले. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. ते आज येथें पुढेंच बसले आहेत, आणि ही हकीकत त्यांनींच आम्हांस सांगितली.

त्या सिमेंटाविषयीं दोन शब्द अधिक बोलूं, कारण येथें सुधारणेच्या नांवाखालीं मोठी फसगत होते. दगडमातीची जुनी भिंत जमिनींतून आणि पावसांतून ओल घेते, आणि चुन्याच्या गिलाव्यांतून ती हळूहळू बाहेर सोडते. म्हणून आपल्या आजोबांच्या भिंती इतके पावसाळे टिकल्या. तिला सिमेंटानें लिंपलें आणि वर तेलरंग फासला कीं ओलीला बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. ती आंत कोंडते, गिलाव्याचे पोपडे धरतात, आणि मुख्य म्हणजे आंतली माती मऊ पडते. वरून छप्पर गळत असेल तर मग विचारावयासच नको. अशी भिंत आधीं फुगते आणि मग एके दिवशीं बसते. आपल्या खोलीच्या मागल्या कोपऱ्यांत भिंतीला पोट आलें आहे. तें दिसलें त्याच दिवशीं आम्हीं दुसरीचीं मुलें तेथून उठवून ओसरींत बसविलीं. तीं अजून ओसरींतच आहेत. पावसाची झड आली कीं पाटीदप्तर पोटाशीं धरून भिंतीला चिकटतात.

छपराची गोष्ट आम्हांस कळली नव्हती. ती सुतारबाबांनीं कळविली. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसांत वर्गांत आठ-नऊ ठिकाणीं धार लागली. आम्हांला वाटलें, पत्रा फाटका असेल. सुतारबाबा नातवाला न्यावयास आले होते. दारांतच उभे राहून त्यांनीं वर पाहिलें आणि म्हणाले, "मास्तर, पन्हळी पत्र्यावरचं पानी कुठनं वाहतं?"

आम्ही म्हणालों, "खोलगट भागांतून."

"मग बोल्टाचं भोक कुठं पाडाया पायजे?"

"उंच भागावर."

"ह्यांनी खोलांत पाडलंय. पोर बी असं करायचं न्हाई."

मंडळी, आम्ही ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें शिकलों, पदविका घेतली, वीस वर्षें मुलांना पाणी सखल भागाकडे वाहतें असें शिकविलें; आणि सही करतांना आपल्याच छपरावर तें लागू पडतें हें सुचलें नाहीं! बाबांनीं आणखीही दाखविलें. वरचा पत्रा खालच्यावर निदान वीतभर चढावयास पाहिजे, तो चार बोटेंच चढला आहे. पावसाची झड आपल्याकडे पश्चिमेकडून येते, म्हणून बाजूच्या जोडाचें तोंड पूर्वेकडे असावें. तें पश्चिमेकडेच उघडें ठेवलें आहे. बोल्टाखालीं डांबरी वायसर एकास आहे, दुसऱ्यास नाहीं. बाबा चौथी पास आहेत. पण अंगठ्यापासून करंगळीपर्यंत त्यांच्या हातांत जी मोजपट्टी आहे ती आमच्या हातांत नाहीं, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, त्या मोजपट्टीला कोणत्याही कागदावर जागा नाहीं.

कागद पाहावे हा विचार मात्र ना आमचा, ना बाबांचा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणीं ह्या माउल्यांच्या सह्या घरीं वही पाठवून घेतल्या जातात. आमच्याकडेही तसेंच चाललें होतें, हेंही कबूल करतों. परंतु गळती लागल्यावर त्यांपैकीं एक बाई, रोजगारावर जाणारी, समितीच्या सभेंत उभी राहिली आणि म्हणाली, "आमी बाजारात खनाचं कापड घेताना वितीनं मोजून घेतो. हितं काय मोजलं? कुनी मोजलं? त्यो कागुद दावा." सभेंत कोणास बोलतां येईना. मग त्याच बाईनें माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें अर्ज केला. दहा रुपयांचें तिकीट लागलें. अर्ज आमच्या अक्षरांत आहे, सही तिची आहे. तीस दिवस पुरे होण्यापूर्वीं नकला आल्या.

नकला हातांत पडल्या आणि पुढला घोटाळा कळला. अंदाजपत्रक सारें इंग्रजींत! महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरून इतकीं वर्षें झालीं, तरी ज्या भिंतीला गवंडी हात लावणार त्या भिंतीचा कागद गवंड्याला वाचतां येऊं नये अशीच व्यवस्था आहे. आम्हीं दोन रात्री बसून त्याचें मराठी केलें. त्यांत अवघड असें कांहीं नाहीं, हें तुम्हांला मुद्दाम सांगतों. कोणतें काम, किती लांब, किती रुंद, किती जाड, दर काय, रक्कम काय, एवढेंच असतें. बियाणांच्या दुकानाची पावती ज्याला समजते त्याला हें समजेल.

त्याच्याबरोबर मोजमापाची वही असते. कचेरींत तिला एम. बी. म्हणतात. झालेलें काम इंजिनियरानें जागेवर मोजून तींत लिहावयाचें आणि त्यावरूनच बिल निघावयाचें. आकडे मीटरांत आहेत. तुमच्यासाठीं आम्हीं ते फुटांत करून आणले आहेत. खोली आंतून २४ फूट लांब, १८ फूट रुंद, भिंतीची उंची १० फूट. चार भिंती मिळून ८४ फूट घेर, त्याला दहानें गुणलें कीं ८४० चौरस फूट. वहींत गिलावा बरोबर ८४० चौरस फूट लिहिला आहे. आतां दार आणि खिडक्या यांना तर कोणी गिलावा करीत नाहीं! दार २८ फुटांचें, चार खिडक्या मिळून ४८ फुटांच्या. ७६ फूट येथेंच गेले. त्यांची वजावट कशी धरावी याचे कचेरीचे कांहीं नियम आहेत, म्हणून तो वाद आम्ही सोडून देतों. पण मागली भिंत सोडतां येणार नाहीं. त्या भिंतीला आमचीं लोखंडी कपाटें आणि मुलांच्या आहाराच्या तांदळाचीं पोतीं आहेत. गळतीमुळें पोतीं हलवावीं लागलीं, तेव्हां पाहतों तों मागें जुना चुना जसाच्या तसा! कपाटें सरकविण्याचा त्रास नको म्हणून त्यांनीं ती भिंत सोडूनच दिली. १८ गुणिलें १०, म्हणजे १८० चौरस फूट गिलावा वहींत आहे, भिंतीवर नाहीं. जेथें आहे तेथेंही कागदावर जाडी पाऊण इंच. आणि हा पोपडा पाहा, आमच्या हातांत आहे, फूटपट्टी लावा, अर्धा इंचही भरत नाहीं.

(येथें पोपडा मंडळींत फिरविण्यांत आला.)

आतां तुळयांविषयीं. अंदाजपत्रकांत एक काम असें आहे कीं, जुनें छप्पर उतरवून त्याचा माल व्यवस्थित रचून ठेवणें. त्याचे पैसेही लावले आहेत. उतरविलें खरें, पण रचलेलें कोठें आहे? सागवानी तुळया चार होत्या, एकेक दोन माणसांना उचलावयास जड. कौलें किती होतीं कोणी मोजलीं नाहींत. शाळेच्या नोंदवहींत तुळयांची नोंद नाहीं, आणि ती नोंद करणें आमचें काम होतें. आमचा दुसरा अपराध हा. त्या तुळया आज कोणाच्या गोठ्यावर आहेत हें म्हणे गांवांतील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही पाहिलेल्या नाहींत, म्हणून नांव घेणार नाहीं. ज्यांच्या म्हशी सागवानाखालीं बांधल्या आहेत त्यांनीं आपल्या मनाशीं समजावें.

तसेंच टक्केवारीचें. पारावर बसलें कीं अमक्यानें इतके टक्के खाल्ले, तमक्यानें तितके, ही चर्चा फार रंगते. आम्ही तींत पडणार नाहीं. एक तर आमच्यापाशीं पुरावा नाहीं; आणि दुसरें असें कीं, ह्या चर्चेनें खाणाऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. तो हंसतो. त्याला भीति वाटते ती टेपची. १८० फूट गिलावा नाहीं, हें म्हटलें कीं त्याला उत्तर द्यावें लागतें.

जोतीरावांचें नांव मघाशीं आलें. त्यांची तसबीर शाळेंत आहे, जयंतीला हार घालतों. पण ते स्वतः बांधकामाचे ठेके घेत असत, बांधकामांना माल पुरवीत असत, हें आपण विसरतों. चुना किती, दगड किती, मजूर किती आणि हजेरीपटावर नांवें किती, हें त्यांस आंतून ठाऊक होतें. म्हणूनच इंजिनियर खात्यांतील लबाडीवर ते बोलले तें नेमकें बोलले. पुण्याच्या नगरपालिकेंत सभासद असतांना मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्यास त्यांनीं हरकत घेतली. लोकांना शाळा पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें. इमारत झालीच, १८८६ सालीं रे साहेबांच्या नांवानें ती उघडली. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात! असो.

एक गोष्ट आम्हांस बोचते ती बोलून टाकतों. पूर्वीं आपलीं पत्रें कुळकर्ण्याच्या दप्तरावर तुटून पडत, आणि तें योग्यच होतें. कागद एकाच घरांत आणि लिहिणेंही एकाच हातीं, मग रयतेनें करावें काय? कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. पुढें मुंबई राज्यांतही १९५० च्या कायद्यानें तीं वतनें गेलीं. १९९३ सालीं घटनादुरुस्ती अमलांत आली आणि पंचायतींत स्त्रियांना आणि मागासलेल्या सर्व जातींना जागा मिळाल्या. आज आपल्या पंचायतींत, कचेरींत, ठेक्यांत आपलींच पोरें आहेत. शाळेंत आम्ही आहोंत, आम्हीही कुणब्याचेच. दप्तर आपल्या हातीं आलें. पण तें बांधून ठेवण्याची जुनी रीतही त्याच्याबरोबर आली. कागद मागितला कीं आपलाच माणूस आतां आपल्याला म्हणतो, "तुला काय कळतंय त्यातलं?" हें वाक्य आपल्या आज्यांनीं कोणाच्या तोंडून ऐकलें होतें तें आठवा.

कागद मोठ्यानें वाचला कीं काय होतें याचा दाखला राजस्थानांत आहे. १९९४ च्या डिसेंबरांत तेथील पाली जिल्ह्यांत कोटकिराना गांवीं शेतकरी-मजुरांच्या संघटनेनें तंबू ठोकून जनसुनावणी भरविली. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिलें गांवासमोर वाचलीं. जीं कामें कागदावर पुरीं होतीं तीं अपुरीं असल्याचें लोकांनीं तेथल्या तेथें सांगितलें. त्या चळवळींतूनच पुढें माहितीचा कायदा आला. त्या कायद्यांत नुसती नक्कल मागण्याचा हक्क नाहीं. चालू काम जाऊन पाहण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही आहे. म्हणजे सुतारबाबांनीं पत्र्यावर चढून बोल्ट पाहणें ही आगळीक नव्हे. ती कायद्यांत बसते.

आतां पुढचें. बिलाचा शेवटचा हप्ता अजून निघालेला नाहीं. ठेकेदाराची अनामत रक्कमही जमा आहे, आणि काम सदोष निघाल्यास तें स्वखर्चानें दुरुस्त करून देण्याची मुदत करारांत लिहिलेली आहे. ती संपावयाची आहे. म्हणजे अजून दोर आपल्या हातीं आहे. आम्हीं परवां गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळविलें आहे कीं, जूनमध्यें दिलेला आमचा दाखला काम न पाहतां दिलेला होता, तो आम्ही मागें घेतों, आणि खोली मुलांना बसण्यास धोक्याची आहे. त्या पत्राची पोंच आमच्यापाशीं आहे. त्याचें उत्तर बदलीच्या रूपानें येईल असें आमच्या सहकारी मंडळींचें भाकीत आहे. घरांतही तोच घोर लागला आहे. मुलगी दहावींत आहे. येईल तर येवो. पण आम्ही गेलों तरी भिंत येथेंच आहे आणि मुलेंही येथेंच आहेत, म्हणून हें सर्व आज तुमच्या कानांवर घालून ठेवतों.

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. दरवेळेस झेंडावंदन झाल्यावर वही फिरते, सह्या होतात आणि आपण घरीं जातों. या खेपेस गणपूर्ति बसून करावयाची, उभ्यानें नव्हे. अंदाजपत्रकाचें मराठी आम्हीं लिहून दिलें आहे. तें समितीच्या त्याच बाई वाचणार आहेत. त्या अडखळतील, कोणी हंसूं नये. प्रत्येक कलम वाचून झालें कीं ज्याचा तो धंदा त्यानें उठून सांगावें. गिलाव्याचें गवंड्यांनीं, पत्र्याचें सुतारबाबांनीं, कैच्यांच्या सांध्यांचें लोहारांनीं, त्यांनीं त्या अजून पाहिलेल्या नाहींत. हें सारें ठरावांत लिहून घ्यावयाचें: दोष दूर होईपर्यंत हप्ता आणि अनामत देऊं नये, मागल्या भिंतीची तपासणी दुसऱ्या इंजिनियराकडून व्हावी, आणि तुळयांचा पंचनामा व्हावा. ठराव लिहिल्यावर तो वाचून दाखविल्याशिवाय कोणी उठूं नये. सरपंच आपले आहेत. त्यांनाही ह्यांतून सुटावयाचें असेल तर हीच वाट आहे, असें आम्हीं काल त्यांच्या घरीं जाऊन सांगितलें. ते हो म्हणाले नाहींत. नाहींही म्हणाले नाहींत.

पण सभेपूर्वीं पुन्हां एकदां सर्व मोजलें पाहिजे, आणि तें एकट्या मास्तरानें मोजलेलें चालणार नाहीं. उद्यां रविवार आहे. पावसानें उघडीप दिली तर सकाळीं सात वाजतां शाळेपाशीं जमावें. शिडी सुतारबाबा आणणार आहेत. टेप शाळेंत आहे. कपाटें ओढावयास चार गडी लागतील, त्यांनीं आतांच हात वर करावेत.